पर्सनल स्टेटमेंट कसं लिहायचं: "कुणी सांगितलं नव्हतं तरी" इथून सुरुवात करा

कॉलेजच्या ॲप्लिकेशनचे दिवस आले की नात्यातली, ओळखीतली मुलं पर्सनल स्टेटमेंटचे, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहून द्यायच्या निबंधाचे, ड्राफ्ट पाठवायला लागतात, ताई जरा बघतेस का म्हणून, आणि इतकी वर्षं हे ड्राफ्ट वाचून मला एक गोष्ट पक्की कळलीय की मुलं छान असतात पण ड्राफ्ट त्यांच्यासारखा नसतो. समोर बसवून बोलतं केलं की दहा मिनिटांत काय काय निघतं, आणि कागदावर मात्र "लहानपणापासूनच मला विज्ञानाची आवड आहे, मी मेहनती आणि जिद्दी आहे, मला समाजासाठी काहीतरी करायचंय". हे खोटं नसतं हो, पण ते कुणाचंही असू शकतं, आणि तिथेच सगळं अडतं.

कॉलेजमध्ये अर्ज वाचणाऱ्यासमोर तुमचे मार्क आधीच असतात, सर्टिफिकेटं असतात, शिक्षकांनी लिहिलेलं शिफारसपत्र असतं. त्या सगळ्या फाइलमध्ये तुम्ही स्वतः बोलताय असा कागद बहुतेक वेळा हा एकच, आणि त्यातही परत मार्क आणि बक्षिसंच मोजत बसलात तर ती जागा गेली म्हणून समजा. मग लिहायचं काय? माझं उत्तर इतक्या वर्षांत बदललेलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं, मार्क मिळणार नव्हते, तरी तुम्ही काय केलंत ते लिहा. माझ्या स्वतःच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये मी वक्तृत्वाची सगळी बक्षिसं वर्षानुसार लिहिली होती, आणि आमच्या बाईंनी तो वाचून खाली पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं, "आणि स्पर्धा नसताना काय करतेस?" त्या एका प्रश्नावर मी चार दिवस विचार केला आणि त्यातून सगळं स्टेटमेंट नवीन उभं राहिलं, तोच प्रश्न आता मी पुढे देतेय.

आधी फॉर्म काय मागतोय ते बघा

हे कंटाळवाणं आहे पण इथे चुकलात तर पुढचं सगळं चुकतं. पर्सनल स्टेटमेंट नावाखाली प्रत्येक ठिकाणी वेगळी गोष्ट मागतात. अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी जो कॉमन ॲप आहे तिथला मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा, सात विषय दिलेले असतात त्यातला एक निवडायचा, आणि त्यात तुम्ही माणूस म्हणून कसे आहात याला वजन असतं, विषय कुठला शिकणार हे त्यात आलंच पाहिजे असं नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं वेगळंच, आठ प्रश्न, त्यातले कुठलेही चार निवडायचे, प्रत्येकाला जास्तीत जास्त ३५० शब्द. ब्रिटनच्या यूकासमध्ये, म्हणजे तिथल्या युनिव्हर्सिटींचे अर्ज जिच्यामार्फत जातात त्या संस्थेत, शब्द नाही तर कॅरेक्टर मोजतात, स्पेससकट ४०००, आणि २०२६ च्या प्रवेशापासून तो एक सलग निबंध राहिलेला नाही, तीन प्रश्न आहेत: हा विषय का शिकायचाय, आतापर्यंतच्या शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर तुम्ही काय केलंत ज्याचा उपयोग होईल. प्रत्येक उत्तर निदान ३५० कॅरेक्टरचं हवं. म्हणजे जुना नमुना कुणी पाठवला आणि तुम्ही त्याच साच्यात लिहायला बसलात तर फुकटची मेहनत.

अजून एक, यूकासमध्ये तेच स्टेटमेंट तुमच्या पाचही चॉइसना जातं, त्यामुळे त्यात एका युनिव्हर्सिटीचं नाव घेऊन तिचं कौतुक करू नका, बाकीचे चार जणही तेच वाचणार आहेत. आणि पुढच्या शिक्षणासाठी, मास्टर्स वगैरेला, जे एसओपी, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, मागतात ते बरंचसं अभ्यासाबद्दल आणि पुढच्या प्लॅनबद्दल असतं, तिथे बालपणीच्या गोष्टीला फार जागा नसते. शाळेच्या किंवा स्कॉलरशिपच्या फॉर्ममध्ये प्रश्न छोटा असला तरी तो तीनदा वाचा, त्यातली क्रियापदं अंडरलाइन करा. "वर्णन करा" आणि "का ते सांगा" यात फरक आहे, आणि मी बघितलेले निम्मे ड्राफ्ट "का" विचारलेलं असताना "काय" सांगून संपतात.

मग खणायचं

लगेच लिहायला बसू नका, प्लीज. कोरा कागद समोर आला की आपण सगळेच मोठी मोठी वाक्यं लिहायला लागतो. त्याऐवजी फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि बोला. भाऊ, बहीण, मैत्रीण, कुणीतरी समोर बसवा आणि त्यांना सांगा की मला फक्त प्रश्न विचार. प्रश्न साधेच पाहिजेत. मागच्या दोन वर्षांत कुठल्या गोष्टीत वेळ कसा गेला ते कळलं नाही? कशाबद्दल तू परत परत शोधत बसतेस? कुठल्या बाबतीत तुझं मत बदललं, आणि कशामुळे? घरात कुठलं काम तुझ्याकडेच येतं? शेवटचा प्रश्न मुलांना फालतू वाटतो पण खरं सोनं बरेचदा तिथेच सापडतं.

आणि प्रत्येक उत्तरानंतर समोरच्याने एकच विचारायचं, "मग तू काय केलंस?" म्हणजे तुम्ही म्हणालात की मला एक डॉक्युमेंटरी बघून समुद्राबद्दल खूप वाटलं, ठीक आहे, मग तू काय केलंस? काहीच नाही केलं तर तो मुद्दा सोडा, कितीही सुंदर वाटत असला तरी. एखादं पुस्तक शोधलं, कुणाला मेल केला, काही मोजून बघितलं, करून बघितलं आणि फसलं, असं काही असेल तर तिथे थांबा आणि तिथेच खोल जा.

हे रेकॉर्डिंग तुम्ही ज्या भाषेत घरी बोलता त्याच भाषेत करा. स्टेटमेंट इंग्रजीत द्यायचं असलं तरी. कारण इंग्रजीत बोलायला लागलं की आपण आपोआप इंटरव्ह्यूचा चेहरा घालतो. नंतर ते ऐकून मुद्दे काढा आणि इंग्रजी मात्र पुन्हा नव्याने लिहा, मराठी वाक्यांचं ओळीला ओळ भाषांतर करू नका, ते लगेच जाणवतं.

आता दोन उदाहरणं सांगते, मुलांची ओळख कळणार नाही एवढे तपशील बदललेत.

एका मुलीला फार्मसीला जायचं होतं. ड्राफ्टची पहिली ओळ, "रुग्णांची सेवा करणं हे माझं स्वप्न आहे". मी तिला फोन करून विचारलं, औषधांशी तुझा खरा संबंध कधी आला, तर म्हणाली काही नाही गं ताई, आजीच्या गोळ्या मी द्यायचे तेवढंच. पुढे विचारत गेले तेव्हा कळलं की आजीला थायरॉइडची आणि कॅल्शियमची अशा दोन्ही गोळ्या होत्या आणि ही दोन्ही सकाळी एकत्र द्यायची. एक दिवस पाकिटातला कागद सहज उघडून वाचला तर त्यात लिहिलेलं की थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घ्या आणि तिच्यात नि कॅल्शियमच्या गोळीत निदान चार तासांचं अंतर ठेवा. हिने का म्हणून शोधलं, तर कॅल्शियम त्या औषधाला पोटात धरून ठेवतं आणि ते रक्तात नीट जात नाही. मग डॉक्टरांना विचारून तिने वेळापत्रक बनवलं, ते फ्रिजवर लावलं, आणि मग घरातल्या प्रत्येकाच्या गोळ्यांचे कागद जमवून वाचायला लागली. हे सगळं तिने ड्राफ्टमध्ये एका शब्दानेही लिहिलं नव्हतं! तिच्या मते हे "घरचं" होतं.

नवीन ड्राफ्ट असा सुरू झाला: "दोन वर्षं मी आजीच्या तळहातावर दोन गोळ्या एकदम ठेवत होते. दोन्ही बरोबर होत्या, वेळ चुकीची होती." बघा, सेवा हा शब्द कुठेच नाही, स्वप्नही नाही, पण हिला फार्मसी का शिकायचीय हे पहिल्या दोन वाक्यांत कळतं. आणि स्वतःची चूक तिने साधेपणाने सांगितली म्हणून वाचणाऱ्याचा तिच्यावर विश्वास बसतो.

दुसरा मुलगा, स्टॅटिस्टिक्ससाठी. याने ऑलिम्पियाडची रँक वगैरे सगळं लिहिलेलं. बोलता बोलता म्हणाला की सरांनी वर्गात सांगितलं होतं, खोलीत फक्त २३ माणसं असली तरी त्यातल्या दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. याला पटलं नाही. मग परवानगी काढून शाळेतल्या प्रत्येक वर्गात गेला, फक्त तारखा गोळा केल्या, नावं नाहीत, आणि पडताळून बघितलं. त्यात एका वर्गात जुळी भावंडं निघाली आणि हा दोन दिवस विचार करत बसला की यांना धरायचं की नाही, कारण ते गणित प्रत्येकाचा वाढदिवस दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे असं मानून चालतं आणि जुळ्यांचं तसं नसतं. मी त्याला म्हटलं की हेच तुझं स्टेटमेंट आहे, त्या जुळ्यांपाशी तू थांबलास ना, ते. रँक फॉर्ममध्ये दिसतेच आहे.

दोघांकडे काही जगावेगळं नव्हतं, आणि म्हणूनच ही उदाहरणं दिली. मुलांना वाटतं आपल्या आयुष्यात काही घडलंच नाही तर लिहायचं काय, आणि मग ती नाट्यमय प्रसंग शोधायला लागतात किंवा इंटरनेटवरून उचलतात. ब्रिटनमध्ये २००७ साली यूकासने स्टेटमेंटं तपासली तेव्हा २३४ मुलांनी एकच किस्सा लिहिलेला सापडला होता, आठव्या वर्षी केमिस्ट्री सेट मिळाला आणि प्रयोग करताना पायजम्याला भोक पडलं, तेव्हापासून विज्ञानाची आवड! सगळ्यांनी एकाच नमुन्यावरून घेतलेलं. आता तर प्रत्येक स्टेटमेंट तिथे आधीच्या स्टेटमेंटांशी सॉफ्टवेअरने जुळवून बघतात आणि साम्य सापडलं तर युनिव्हर्सिटीला कळवतात. म्हणून ऑनलाइन नमुने वाचायचे असतील तर स्वतःचं खणून झाल्यावर वाचा, आधी नाही. आधी वाचलेत की त्यांचा सूर डोक्यात बसतो, कॉपी करायचं मनात नसलं तरी.

पहिला ड्राफ्ट

पहिला ड्राफ्ट लांब होऊ दे. ६५० शब्दांची मर्यादा असेल तर ९०० झाले तरी चालतील, कापायला माल पाहिजे. सुरुवात प्रसंगाच्या मधूनच करा, जन्मापासून नको. प्रसंग मात्र थोडक्यात, एकूण जागेच्या साधारण पाव भाग, कारण इथे बहुतेक जण वाहवत जातात, प्रसंगच इतका रंगवतात की आजी कशी होती, खोली कशी होती, बाहेर पाऊस कसा पडत होता, आणि स्वतःपर्यंत पोचेपर्यंत शब्द संपतात. वाचणाऱ्याला आजीला ॲडमिशन द्यायची नाहीये. जास्तीत जास्त जागा द्या ती "मग मी काय केलं आणि करताना काय विचार केला" याला. काय कळलं, कुठे अडलं, आधी काय चुकीचं वाटत होतं. उरलेल्या जागेत ते तुम्हाला पुढे जे शिकायचंय त्याच्याशी जोडा, आणि तेही नेमकं जोडा. "मला या क्षेत्रात योगदान द्यायचंय" यातून काही कळत नाही, "औषधं एकमेकांच्या वाटेत येतात ती कशी, आणि पेशंटला हे पाकिटावर कळेल अशा भाषेत कसं सांगायचं, हे मला शिकायचंय" यातून सगळं कळतं.

यूकाससारखे तीन वेगळे प्रश्न असतील तर हाच माल वाटून टाका. प्रसंग आणि कुतूहल पहिल्या उत्तरात, वर्गात शिकलेलं कशाला उपयोगी पडलं ते दुसऱ्यात, स्वतः केलेलं तिसऱ्यात. एकच गोष्ट दोन उत्तरांत सांगायची नाही.

ॲक्टिव्हिटीची यादी करायचा मोह होईल. दहा गोष्टी एकेका ओळीत लिहिण्यापेक्षा दोन गोष्टी नीट. खरंच.

वाक्यं तपासायची ती अशी

प्रत्येक वाक्यावर बोट ठेवा आणि विचारा, हे माझ्या शेजारच्या बाकावरची मुलगी जसंच्या तसं लिहू शकेल का? हो असेल तर खोडा नाहीतर त्यात असं काहीतरी घाला जे फक्त तुमचंच आहे. मेहनती, जिद्दी, पॅशनेट, लीडर, हे शब्द स्वतःबद्दल वापरायचेच नाहीत, ते वाचणाऱ्याने तुमच्याबद्दल म्हणायचे असतात. कॅप्टन होतात तर कॅप्टन होतो हे फॉर्ममध्ये आहे, त्याऐवजी हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला कोण कोण आलं नाही आणि तुम्ही त्यांच्याशी काय बोललात ते लिहा. थोर माणसाच्या वचनाने सुरुवात नको, ती जागा तुमची आहे, त्यांना कशाला देताय. डिक्शनरीतून शोधलेले जड शब्दही नकोत, जो शब्द तुम्ही तोंडाने कधी उच्चारला नाही तो लिहू नका.

आणि जोडाक्षरांसारखी अडकणारी लांब इंग्रजी वाक्यं दोनात तोडा. मी इथे लांब वाक्यं लिहितेय कारण गप्पा मारतेय, तुम्ही फॉर्म भरताय.

मार्क कमी असतील, काही कठीण घडलं असेल तर

यावर मुलं सगळ्यात जास्त घाबरतात म्हणून जरा नीट सांगते. एखादं वर्ष खराब गेलं असेल आणि त्याला कारण असेल, आजारपण, घरातलं काही, शाळा बदलणं, तर ते लपवायची गरज नाही आणि त्यावर पूर्ण निबंध लिहायचीही नाही. बऱ्याच फॉर्ममध्ये अशा माहितीसाठी वेगळी जागा असते, ती असेल तर तिथेच लिहा. नसेल तर स्टेटमेंटमध्ये दोन-तीन वाक्यं: काय झालं, त्याचा अभ्यासावर काय परिणाम झाला, त्यानंतर तुम्ही काय बदललं. शिक्षकांना, शाळेला दोष देणारं वाक्य नको, खरं असलं तरी नको, कारण वाचणाऱ्याला दुसरी बाजू माहीत नसते आणि तो तुमच्याबद्दलच शंका घेतो.

दुःखाचं लिहायचंच असं बंधन तर अजिबात नाही. एका मुलाला कुणीतरी सांगितलं होतं की वडील गेले त्यावर लिही, हमखास घेतात. त्याला ते लिहिताना इतका त्रास होत होता, आणि त्याला खरं तर नकाशांबद्दल लिहायचं होतं. मी म्हटलं नकाशांबद्दल लिही. तुमचं दुःख तुमचं आहे, ते कुणाला दाखवायचं ते तुम्ही ठरवायचं. लिहावंसं मनापासून वाटत असेल आणि त्यातून तुम्ही पुढे काय केलं हे सांगता येत असेल तर जरूर लिहा, पण वाचणाऱ्याला दया यावी म्हणून नको.

कापाकापी

ड्राफ्ट झाला की दोन दिवस उघडू नका. मग मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडते तिथे खूण करा. पहिला परिच्छेद पूर्ण झाकून दुसऱ्यापासून वाचून बघा, बरेचदा खरी सुरुवात दुसऱ्यातच असते आणि पहिला नुसता घसा साफ करणं असतं. शेवटचा परिच्छेद सुद्धा असाच बघा, वर सांगितलेलंच परत गोड शब्दांत सांगितलेलं असेल तर उडवा.

वाचायला दोघांनाच द्या, एक तुम्हाला नीट ओळखणारा आणि एक फारसा न ओळखणारा. सात जणांना दिलंत तर सात जण सात बाजूंना ओढतील आणि शेवटी ते कुणाचंच राहणार नाही. "कसं वाटलं" असं विचारू नका, सगळे छान म्हणतात. कागद परत घ्या आणि विचारा, "वाचून काय लक्षात राहिलं?" न ओळखणाऱ्याला वाढदिवसाच्या तारखा आणि जुळी भावंडं आठवली तर जमलं. "मेहनती मुलगा वाटतो" एवढंच आठवलं तर अजून खणायचंय. ओळखणाऱ्याला विचारा, यात मी आहे का?

आईबाबांनी वाचावं, पण त्यांनी पेन हातात घेऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. सतरा वर्षांच्या मुलाच्या कागदात पंचेचाळीस वर्षांची वाक्यं लगेच ओळखू येतात.

एआयबद्दल सगळे विचारतात. कॉमन ॲपच्या नियमात एआयने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं फसवणुकीत मोडतं, आणि यूकासही म्हणतं की स्टेटमेंट पूर्ण किंवा बरंचसं एआयकडून लिहून घेतलं तर ते चीटिंग धरलं जाऊ शकतं. नियम राहू दे बाजूला, त्याला तुमच्या आजीच्या गोळ्या माहीत नाहीत. तुम्ही सांगितलं नाही तर तो "सेवा हे माझं स्वप्न" हेच लिहिणार. तुम्ही ज्या कॉलेजला अर्ज करताय त्यांचा याबद्दलचा नियम वेगळा असू शकतो, तो त्यांच्या साइटवर वाचून घ्या.

फॉर्ममध्ये टाकताना

मूळ मजकूर वेगळ्या फाइलमध्ये लिहा, फॉर्मच्या चौकटीत थेट नको, मध्येच लॉगआउट झालात तर सगळं जातं. ठळक, तिरकं असलं फॉर्मॅटिंग बरेचदा पेस्ट करताना उडतं, त्यामुळे त्यावर विसंबू नका. पेस्ट केल्यावर काउंट पुन्हा बघा, तुमच्या फाइलचा आणि फॉर्मचा आकडा थोडा वेगळा येऊ शकतो आणि शेवटचं वाक्य अर्धवट कापलं जातं, हे माझ्या ओळखीच्या एका मुलीचं अगदी शेवटच्या रात्री झालंय. म्हणून डेडलाइनच्या निदान तीन दिवस आधी टाका, प्रीव्ह्यू उघडून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचा, आणि दुसऱ्या कॉलेजचं नाव चुकून राहिलं नाही ना तेवढं शोधा.

सबमिट केलेली कॉपी जपून ठेवा. इंटरव्ह्यू असेल तर प्रश्न बहुतेक त्यातूनच येतात, त्या जुळ्यांच्या वर्गाचं पुढे काय ठरवलंस, असं कुणीतरी विचारेल, तेव्हा आदल्या संध्याकाळी ती कॉपी काढून सावकाश वाचा आणि तेव्हा लिहायचं राहून गेलेलं काही आठवलं तर मार्जिनमध्ये टिपून ठेवा.